पाणी चढलं तेव्हा: जॉर्डन लेकवर क्रॅपीसाठी आमिष निवडण्याचं एक प्रकरण

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ज्या जिगनं (वजनदार डोकं आणि मऊ अंग असलेल्या गळानं) भरपूर क्रॅपी मासे दिले, त्याच जिगला पुढच्या शनिवारी, त्याच जागी, एकही टोच लागली नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा शेजारी. मूळचा साताऱ्याकडचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो, मासेमारीचा नाद तसा अलीकडचा. त्या दुसऱ्या शनिवारी त्यानं सकाळभर डब्यातले रंग एकामागून एक बांधून पाहिले आणि दुपारी बाराच्या सुमारास मला फोन केला. "दादा, मासे गेले कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण सकाळभर तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होता: आता कुठला रंग लावू?

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आठ-नऊ दिवसांत तलावाच्या तीन वेगळ्या अवस्था दिसल्या आणि माणूस, होडी तीच राहिली. आमिषाच्या चर्चेत अशी सोय क्वचितच मिळते. एरवी एकजण मिसिसिपीबद्दल बोलत असतो, दुसरा मिनेसोटाबद्दल, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

आधी माशाबद्दल, कारण आमिषाचं सगळं गणित त्याच्या शरीरात आहे. क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा, सनफिश कुळातला, म्हणजे लार्जमाउथ बासचा भाऊबंद. चपटा, चंदेरी, अंगावर काळे डाग किंवा पट्टे. जाती दोन. व्हाइट क्रॅपीच्या अंगावर उभे पट्टे आणि पाठीच्या पराला पाच-सहा काटे. ब्लॅक क्रॅपीवर विस्कळीत ठिपके आणि सात-आठ काटे. व्हाइटला गढूळ पाणी चालतं, ब्लॅकला स्वच्छ पाणी आणि पाणवनस्पती जास्त मानवतात. मासा काही मोठा नव्हे. व्हाइट क्रॅपीचा जागतिक विक्रम मिसिसिपीतल्या एनिड लेकवरचा, १९५७ सालचा, तो ५ पौंड ३ औंसांचा. ब्लॅकचा टेनेसीतल्या एका तळ्यातला, २०१८ सालचा, ५ पौंड ७ औंसांचा. आपल्याला पाऊण ते दीड पौंडाचा मिळाला तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. चवीला मात्र फार गोड; रवा लावून तळला तर बोंबलाखालोखाल मी त्यालाच मान देईन. घरात माझ्याशी कुणी सहमत नाही.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीनं त्याच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. त्याचे डोळे मोठे, मंद उजेडाला सरावलेले आणि डोक्यावर जरा वरच्या बाजूला असतात. त्यामुळे तो वरचं बघतो आणि वर येऊन खातो. त्याच्या पोटाखालून गेलेलं आमिष त्याच्या लेखी नसल्यात जमा. दुसरं, त्याच्या तोंडाची कातडी इतकी पातळ की जोरात झटका दिला तर गळ फाडून बाहेर येतो. तिसरं म्हणजे वसंत ऋतूत त्याचा मुक्काम पाण्याचं तापमान ठरवतं. हिवाळा तो खोल पाण्यात काढतो. पाणी ५० ते ५५ अंश फॅरेनहाइटच्या (१० ते १३ सेल्सिअसच्या) आसपास आलं की ओढ्यांच्या तोंडाशी, जुन्या पात्रांच्या कडेला येऊन थांबतो. ६० ते ६८ अंशांत (साधारण १५ ते २० सेल्सिअस) उथळ पाण्यात अंडी घालतो. नर आधी जाऊन जागा धरतो आणि त्या दिवसांत काळाकुट्ट होतो. अंडी झाली की पुन्हा खोलात.

आता तलाव, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं जॉर्डन लेक. केप फियर नदीच्या खोऱ्यात १९४५ साली मोठा पूर आला, त्यानंतर पूरनियंत्रणासाठी म्हणून हे धरण मंजूर झालं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भरलं. कारभार आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सकडं, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागाकडं. जवळजवळ चौदा हजार एकरांचा पसारा, दोन भुजा: एक हॉ नदीची, दुसरी न्यू होपची. तलावात येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा हॉ नदीचा. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट. मूळ काम पूर अडवण्याचं असल्यामुळे वसंतातल्या पावसात ती फूट-दोन फूट नव्हे, त्याहूनही बरीच चढू शकते. मग काठावरची विलोची झुडपं, बाभूळवनासारखी माजलेली रोपटी, सगळं पाण्यात उभं राहतं. रॅले, कॅरी, मॉरिसव्हिल या भागातली मराठी मंडळी याच तलावाच्या काठावर सहलीला येतात. गळ टाकणारे त्यातले थोडे.

पहिल्या शनिवारची हकिगत फारशी गुंतागुंतीची नाही. पाणी ५६ अंश, बऱ्यापैकी निवळ, हात बुडवला तर बोटं दिसत होती. पातळी २१६ला टेकलेली. शेजाऱ्यानं फॅरिंग्टन पॉइंटवरून आपली छोटी ॲल्युमिनियमची होडी उतरवली आणि एका ओढ्याच्या तोंडाशी, दहा-बारा फूट पाण्यात, ट्रोलिंग मोटरवर, म्हणजे होडीच्या छोट्या विजेच्या मोटरवर, अगदी सावकाश फिरत राहिला. १/१६ औंसाचं जिगचं डोकं, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यावर दोन इंची मऊ प्लॅस्टिकचा मासा: राखाडी-पांढरा, अर्धपारदर्शक, आत बारीक चमक. मासे तळापासून थोडे वर, जुन्या पात्राच्या कडेला जमून उभे होते. जिग त्यांच्या डोक्यावरून फूटभर उंचीनं जात होता. त्यांनी तो घेतला.

या निवडीत काही चूक नव्हती. जॉर्डनमध्ये क्रॅपीचा मुख्य चारा म्हणजे शॅड, चंदेरी बारीक मासा, आणि मागच्या वर्षीचा वाचलेला शॅड वसंतात दोन-तीन इंचांचा असतो. निवळ पाण्यात त्याच्यासारखं दिसणारं, त्याच मापाचं काहीतरी द्यावं, हे तर्काला धरून आहे. घोटाळा झाला तो यशानंतर. शेजाऱ्याच्या डोक्यात यशाचं श्रेय त्या रंगाला गेलं. आठवड्यात त्यानं त्याच रंगाची दोन पाकिटं आणखी मागवली.

रंगांची ही दुनिया अजब आहे. दुकानात क्रॅपीच्या भिंतीसमोर उभं राहिलं की शेकडो पाकिटं लटकलेली दिसतात. एका रंगाचं नाव 'मंकी मिल्क', दुसऱ्याचं 'इलेक्ट्रिक चिकन'. नावं ठेवणाऱ्यांची नोकरी मजेची असणार. माझं मत असं की ती भिंत माशांपेक्षा माणसांना पकडण्यासाठी जास्त उपयोगी पडते. खोली चुकलेली असेल तर रंग बदलणं म्हणजे हाताला काम, एवढंच. पण रंगाला काहीच अर्थ नाही असंही म्हणणार नाही, त्याबद्दल पुढं येईल.

मधल्या आठवड्यात दोन दिवस झोडपून पाऊस झाला. मग दोन दिवस ऊन, दक्षिणेचा उबदार वारा. शुक्रवारी संध्याकाळी पातळी २१९च्या वर गेली होती. हे आकडे कोअरचं विल्मिंग्टन कार्यालय रोज जाहीर करतं. मासे पकडायला निघण्याआधी हवामानाबरोबर तेही बघावं, बहुतेक लोक बघत नाहीत. शनिवारी सकाळी पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं झालं होतं. उथळ भागात तापमान ६३ अंश.

शेजारी त्याच ओढ्याच्या तोंडाशी गेला. जुन्या जागी आता तेरा ते पंधरा फूट पाणी. तोच जिग, तीच गती. काही नाही. मग पांढरा, मग गुलाबी, मग निळा-पांढरा, मग शार्ट्रूज म्हणजे तो भडक पोपटी-पिवळा. तरी काही नाही.

फोनवर मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: पाणी किती तापलंय आणि काठावरची झुडपं पाण्यात आहेत का. दोन्हीची उत्तरं ऐकल्यावर मासे कुठं असतील याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नव्हतं. पाणी अंडी घालण्याच्या तापमानाला पोचलं होतं, आणि पातळी चढल्यामुळे काठालगत नवीन, उबदार, आडोशाची जागा तयार झाली होती. गढूळ पाण्यात तर मासा उथळात आणखी निर्धास्त होतो, कारण वरून बगळ्याला तो दिसत नाही. माझा अंदाज होता की मासे त्याच्या होडीखाली नसून त्याच्या पाठीमागं, झुडपांत, दोन-तीन फूट पाण्यात असणार.

"एवढ्या उथळ? दादा, तिथं होडीचा तळ घासेल."

"मग होडी बाहेर ठेव आणि हात आत घाल. मी येतोच."

मी पोचलो तेव्हा होडीत त्याचे वडीलही बसलेले. काका मुलाकडं काही महिन्यांसाठी आले होते. कोयनेच्या शिवसागरात आणि कृष्णेच्या डोहांत त्यांनी आयुष्यभर गळ टाकलाय. इथं सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, पाहुण्यालासुद्धा. त्यांच्यासाठी दहा दिवसांचा काढलेला होता आणि त्याचा कागद त्यांनी शर्टाच्या खिशात नीट घडी करून ठेवला होता. मुलाच्या डब्यातल्या रंगीबेरंगी प्लॅस्टिकबद्दल त्यांचं मत चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

झुडपांत मासा पकडायचा तर गाडी वेगळ्या रुळावर न्यावी लागते. फेकून ओढण्याची पद्धत तिथं निरुपयोगी, पहिल्याच फांदीत जिग अडकतो. लागते ती लांब काठी, दहा-बारा फुटांची, टोकाला जेमतेम काठीएवढाच दोरा, आणि जिग फांद्यांच्या फटीतून सरळ खाली सोडायचा. नॉर्थ कॅरोलायनात जुनी माणसं यासाठी बांबूची काठी वापरत. आता ग्राफाइटची मिळते. काकांना हे शिकवावं लागलं नाही. बांबूच्या काठीनं ओढ्याकाठच्या जाळीत गळ सोडणं हेच तर त्यांचं काम. मुलगा रील फिरवायला शिकला होता. बापाला रीलची गरज नव्हती.

वजनाची निवड इथं महत्त्वाची ठरली. १/१६चा जिग दोन फूट पाण्यात भसकन तळाला जातो, माशाला बघायला वेळच मिळत नाही. आम्ही १/३२ घेतला, एक ग्रॅमपेक्षाही हलका. तो सावकाश उतरतो, आणि क्रॅपी बहुतेक वेळा आमिष उतरत असताना किंवा थांबलं असतानाच घेतो. गळ बारीक तारेचा होता. फांदीत रुतला तर जोर लावल्यावर तारच सरळ होते आणि सुटते, मग पकडीनं पुन्हा वाकवायची. त्यासाठी दोरा जरा भक्कम, आठ पौंडांचा ताण सोसणारा. स्वच्छ पाण्यात मी चार किंवा सहा पौंडांच्या वर जात नाही, पण चहात कुणाला दोरा दिसतोय?

एक बारीक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती पाकिटावर कधी छापलेली नसते. जिग लटकताना आडवा राहायला हवा. मासा पाण्यात आडवा असतो, शेपटी खाली लोंबणारा मासा मेलेला किंवा खोटा. गाठ जिगच्या कडीत पुढं सरकली की तो नाक वर करून लटकतो. दर माशानंतर, दर अडकण्यानंतर गाठ बोटानं कडीच्या वरच्या बाजूला, मधोमध आणायची. झुडपात तर जिग एका जागीच धरून ठेवायचा असतो, तिथं याचा फरक फार पडतो.

पहिल्या काही झुडपांत काही नव्हतं. मग एका विलोच्या बुंध्याशी, हातभर खोलीवर, काकांच्या काठीचं टोक नुसतं बाजूला सरकलं. त्यांनी हिसका दिला नाही, उचलली. वर आला तो नर, पार काळा पडलेला. त्या एका माशानं तापमानाचा, झुडपांचा, खोलीचा सगळा अंदाज पक्का केला. शेजारी म्हणाला, "म्हणजे सकाळभर मी यांच्याकडं पाठ करून बसलो होतो."

आता रंगाचं. त्या दुपारी आमच्या हातात एक छान संधी होती: मासे कुठं आहेत ते कळलं होतं, खोली ठरली होती, वजन ठरलं होतं. शेजाऱ्याच्या काठीला मी मुद्दाम तोच पहिल्या शनिवारचा राखाडी-पांढरा अर्धपारदर्शक मासा लावायला सांगितला, १/३२च्या डोक्यावर. काकांच्या काठीला काळ्या अंगाचा, पोपटी-पिवळ्या शेपटीचा ट्यूब जिग, म्हणजे नळीसारख्या प्लॅस्टिकचा. दोघं एकाच झुडपाच्या दोन बाजूंना. राखाडीलाही मासे लागले. म्हणजे सकाळी अपयशी ठरलेला रंग दुपारी चालला, फक्त योग्य जागी पोचल्यावर. पण काळ्या-पोपटीला ते लवकर लागत होते, आणि जास्त. पुढं दोघांनी काठ्या बदलल्या तरी कल तोच राहिला, त्यामुळे निव्वळ काकांच्या हाताचा गुण म्हणता येत नाही.

याचं कारण समजण्यासारखं आहे. गढूळ पाण्यात उजेड फार आत जात नाही, आणि जो जातो त्यात पिवळ्या-हिरव्याचा वाटा जास्त टिकतो. म्हणून पोपटी शेपूट उठून दिसते. काळा रंग वरून येणाऱ्या उजेडासमोर ठसठशीत आकार धरतो, आणि मासा खालून वर बघत असल्यामुळे त्याला तो आकारच दिसतो. पारदर्शक प्लॅस्टिकची सगळी हुशारी उजेड आरपार जाण्यात असते. उजेडच नसेल तर ती हुशारी वाया. ट्यूबचं अंगही जाडसर, पाण्यात त्याची हालचाल मासा बाजूच्या संवेदन-रेषेनं ओळखू शकतो. एका दुपारच्या अनुभवावरून कायदा करायचा नाही, पण मी रंगाला चौथ्या क्रमांकावर ठेवतो: आधी जागा आणि खोली, मग उतरण्याचा वेग, मग आकारमान, मग रंग. गढूळ पाण्यात रंग तिसऱ्यावर येऊ शकतो. पहिल्यावर कधीच नाही.

काठावरून टाकणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडं होडी नाही, हेच काम फ्लोटनं होतं. बुचाखाली दीड फुटावर १/३२ बांधायचा, झुडपाच्या कडेला टाकायचा आणि हात आवरायचा. वाऱ्याच्या लाटांवर बूच डोलतं तेवढी हालचाल जिगला पुरते. बहुतेक लोक फार ओढतात.

नर जागेवर बसलेले असताना त्यांना उचलावं का, यावर मतं वेगळी आहेत. जॉर्डनवर दहा इंचांखालचा क्रॅपी सोडावा लागतो आणि दिवसाला वीसची मर्यादा आहे. नियम बदलतात, तेव्हा राज्याच्या वन्यजीव आयोगाचं चालू पत्रक बघून जावं. आम्ही जेवणापुरते ठेवले आणि काळे नर सोडले. काकांना ते पटलं नाही. "सोडायचा तर पकडायचा कशाला?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

खरी गंमत रविवारची. शनिवारी रात्री वारा फिरला. उत्तरेचा गार वारा, सकाळी आभाळ निरभ्र निळं, ऊन लख्ख. उथळ पाणी ५८ अंशांवर उतरलं. शिवाय धरणातून पाणी सोडायला सुरुवात झालेली, पातळी खाली येत होती. शेजारी उत्साहात, काळा-पोपटी जिग आधीच बांधलेला. रंग सापडला होता ना!

झुडपं रिकामी होती. उतरत्या पाण्यात मासा आडोशातून मागं सरकतो, कारण तिथं अडकून पडण्याची भीती असते. थंड लाटेनं त्याची भूकही मंदावते. दूर मात्र तो जात नाही. झुडपांच्या बाहेर जिथं तळ पहिल्यांदा खाली उतरतो, तिथं सहा-सात फूट पाण्यात मासे थांबले असणार, असा अंदाज केला. होडीवरच्या साध्या सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, तिथं काही ठिपके दिसतही होते. हल्ली अनेकांकडं समोरचं जिवंत दाखवणारा सोनार असतो. गार्मिननं २०१८मध्ये लाइव्हस्कोप आणल्यापासून क्रॅपीची मासेमारी पार बदलली आहे. त्यात मासा जिगपर्यंत येताना, थांबताना, पाठ फिरवताना दिसतो. पण तो पाठ का फिरवतो, हे यंत्र सांगत नाही. आमच्याकडं तसलं काही नव्हतं आणि त्या दिवशी फारसं अडलंही नाही.

जिग खाली जात होते. टोच नव्हती, किंवा असलीच तर दोऱ्यात नुसता जडपणा यायचा आणि जायचा. मासा तोंड लावून थुंकत होता. अशा दिवशी प्रश्न बदलतो. शनिवारी मासा चिडका होता, जागा राखत होता, आमिष समोर दिसलं की झडप. रविवारी तो सुस्त होता, आणि सुस्त माशाला निर्णय घ्यायला वेळ लागतो. आमिष त्याच्या नाकासमोर जितका वेळ राहील तितकी आशा. प्लॅस्टिक फार वेळ स्थिर ठेवलं तर ते नुसतं प्लॅस्टिक उरतं. जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा बारीक मासा, स्थिर राहूनही जिवंतच असतो. माझ्या मते जिग की मिनो या जुन्या वादाचं मूळ इथं आहे: जिगनं कमी वेळात जास्त पाणी शोधता येतं, मिनोनं थोड्या पाण्यात जास्त वेळ थांबता येतं.

येताना मी दुकानातून दोन डझन मिनो आणले होते. मिळतात ते बहुधा दोन प्रकारचे. गोल्डन शायनर चकचकीत, चपळ, पण नाजूक. बादलीत पाणी जरा तापलं की पोट वर करतो. फॅटहेड मिनो मळकट, पण चिवट. मी फॅटहेड घेतो, आणि त्यातले लहान, दीड-दोन इंची. गळ पातळ सोनेरी तारेचा, चार नंबरचा. बुचाखाली लटकवायचा असेल तर पाठीच्या पराच्या मागं, कण्याच्या वरून, उथळ टोचायचा. कण्याला लागला तर मिनो तिथंच संपला. होडी हळू चालवत ओढायचा असेल तर दोन्ही ओठांतून.

इथं एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. मिनो मरतात ते बहुतेक वेळा भुकेनं नव्हे, तर पाणी अचानक बदलल्यानं आणि प्राणवायू कमी पडल्यानं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते त्यांना मारतं. छोटा हवेचा पंप आणि बादली सावलीत, एवढं केलं तर फॅटहेड दिवसभर टिकतो. उरलेले मिनो तलावात सोडून देऊ नयेत. ते कुठल्या पाण्यातून आलेत आणि सोबत काय आणलंय ते आपल्याला माहीत नसतं.

बुचाला आम्ही सरकती गाठ दिली, म्हणजे पाच फूट खोलीवर थांबेल पण फेकताना गाठ रीलवर गुंडाळली जाईल. मिनो पाच फुटांवर ठेवला. मासे सहा-सात फुटांवर, आणि तो त्यांच्या डोक्यावर.

काकांनी मिनो हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "हे बरंय. मरळीला आम्ही असंच जित्तं मासं लावतो." हे तंतोतंत खरं होतं. मरळ आणि क्रॅपी दोघंही बघून झडप घालणारे; दोघांना हलणारं, जिवंत हवं. त्यांनी आदल्या दिवशी मात्र घरून कणकेचा गोळा आणला होता, शेंगदाण्याची पेंड घालून मळलेला, रोहू-कटल्यासाठी लावतात तसा. क्रॅपी त्याला तोंड लावणार नाही हे मी सांगितलं, कारण क्रॅपी वास घेत तळ धुंडाळणारा मासा नव्हे. तो पाण्यातले सूक्ष्म जीव, किडे आणि बारीक मासे खातो. काकांनी मान डोलावली आणि तरीही दुसऱ्या काठीला गोळा लावून तळाशी सोडून दिला.

मिनोला तासाभरात टोचा सुरू झाल्या. बूच बुडत नव्हतं. एका बाजूला कलायचं, कधी उलट वर उचललं जायचं. क्रॅपी वर येताना आमिष घेतो तेव्हा वजन सुटतं आणि बूच आडवं पडतं. शेजाऱ्यानं पहिल्या दोन-तीनदा बूच बुडण्याची वाट बघितली आणि गळ रिकामा वर आला. काकांनी बूच आडवं पडल्याबरोबर काठी सावकाश उचलली. संख्या शनिवारपेक्षा बरीच कमी होती, पण मासे चांगले, अकरा-बारा इंची, आणि बहुतेक माद्या, पोटात गाबोळी भरलेली. म्हणजे त्या अजून झुडपांत गेल्याच नव्हत्या.

मग मी जिगवरच मिनो लावून पाहिला: १/३२चं डोकं, प्लॅस्टिक काढून टाकलेलं, मिनो ओठांतून. तेही चाललं, नुसत्या मिनोइतकंच, जास्त नाही. काही लोक जिगच्या टोकाला वासाच्या छोट्या गोळ्या टोचतात, बर्कलीच्या क्रॅपी निबल्ससारख्या. त्यांचा खरा उपयोग मला असा वाटतो की मासा तोंडात घेतलेलं प्लॅस्टिक अर्धा क्षण जास्त धरतो. रविवारी शेजाऱ्यानं त्या लावून पाहिल्या. जिगला एक मासा लागला. एकावरून काही म्हणता येत नाही.

दुपारी काकांची दुसरी काठी वाकली. कणकेच्या गोळ्याला चॅनल कॅटफिश लागला होता, त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा. गोळा क्रॅपीला चालत नाही हे माझं म्हणणं खरं ठरलं, पण त्या क्षणी ते ऐकायला होडीत कुणी तयार नव्हतं.

आता शेजाऱ्याच्या डब्यात काय राहिलं ते सांगतो. रंगांची अर्धी पाकिटं त्यानं दुसऱ्या एका नवशिक्याला दिली. डोकी मात्र वाढवली: १/३२ सगळ्यात जास्त, थोडी १/१६, आणि चार-सहा १/८, कारण मेच्या मध्यानंतर मासे पुन्हा खोलात उतरतील आणि यूएस ६४ महामार्गाच्या पुलाच्या खांबांजवळ पंधरा-वीस फुटांवर जिग वाऱ्यात सरळ खाली न्यायला वजन लागेल. प्लॅस्टिकमध्ये तीनच गट: निवळ पाण्यासाठी तो अर्धपारदर्शक राखाडी, मध्यम पाण्यासाठी पांढरा-पोपटी, गढूळासाठी काळा-पोपटी. उन्हाळ्यात नवा शॅड इंचभराचा असतो, तेव्हासाठी दीड इंची माप वेगळं. सोबत एक रोड रनर, डोक्याखाली फिरतं पातं असलेला, १९५८पासून चालत आलेला. मासे नेमके कुठं ते माहीत नसलेल्या दिवशी काठ झपाट्यानं चाळायला तो बरा. बारा फुटी काठी, चार नंबरचे बारीक तारेचे गळ, सरकत्या गाठींचं पाकीट, हवेचा पंप. आणि झाकणाच्या आत चिकटवलेला एक छोटा थर्मामीटर, कारण सोनारवरचं तापमान फक्त होडीखालचं असतं आणि झुडपांतलं पाणी त्याहून तीन-चार अंशांनी वेगळं निघतं.